पौषातले रविवार आणि सर्वश्रेष्ठ प्रशिक्षक

ठप्प... ठप्प... आणि मग काही क्षण काहीच नाही.

पौषातल्या पहाटे, झोप आणि जाग यांच्यामधल्या धूसर प्रदेशात मी रेंगाळत असते, तेव्हा खिडकीबाहेरच्या धुक्यातून हा नाद येतो. आमच्या कॉलनीच्या मागे सिमेंटचं एक मैदान आहे आणि तिथं कुणीतरी सूर्योदयाच्याही आधी बास्केटबॉल खेळतं. कोण, ते मी कधी उठून पाहिलेलं नाही. पाहू नये असंच वाटतं! समोरचा कडुनिंबसुद्धा त्या धुक्यात विरघळून गेलेला असतो, आणि त्या शुभ्र, मूक विस्तारातून तेवढा एक आघात येत राहतो, निश्चिंत आणि एकाकी. रजईच्या उबेत डोळे मिटून मी तो ऐकते. दोन आघातांमधलं अंतर ऐकते. ते अंतर लांबलं की छातीत उगाचच चर्र होतं. खेळणारं दमलं असेल, घरी गेलं असेल, असं मनाला सांगते आणि चहाला उठते.

चेंडूचा नाद जमिनीगणिक वेगळा असतो, हे कधी तुमच्या ध्यानात आलंय का? सिमेंटवर तो खणखणीत असतो. अमेरिकेतल्या त्या गुळगुळीत लाकडी फरशीवर भरीव आणि गोड. आणि आमच्या परभणीच्या काळ्या मातीत? तिथं त्याला नादच नसतो. ती माती चेंडू गिळते! उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात ती पायातली चप्पल काढून घेते, आणि उरलेल्या दिवसांत इतकी भुसभुशीत, इतकी आपल्याच तंद्रीत, की खाली आपटलेला चेंडू परत करण्याचं सौजन्य तिच्याकडे नाही. कापूस मागा, तूर मागा, ज्वारी मागा, ओटी भरून देईल. चेंडू मागाल तर मिळायचा नाही.

आता तुम्ही म्हणाल, पन्नाशी ओलांडलेली, कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवणारी, चष्म्याला दोरी बांधणारी ही बाई सकाळी सकाळी बास्केटबॉल काय घेऊन बसली! बसलेय खरी. इतकंच नव्हे, तर जगातल्या व्यावसायिक बास्केटबॉलचा सर्वश्रेष्ठ प्रशिक्षक कोण, या प्रश्नानं गेल्या पौषात माझी झोप उडवली होती. सून म्हणाली, आई, रक्तदाब तपासून घ्या. मी म्हटलं, रक्तदाब ठीक आहे, क्रमवारी ठीक नाहीये.

सगळं सुरू झालं ते ढगे सरांच्या ओसरीवर. ढगे सर आमचे शाळेतले कवायतीचे मास्तर. मूळचे पेडगावचे, उंच, सडपातळ, तोंडात शिट्टी आणि खांद्यावर पंचा. मुलींच्या शाळेत बास्केटबॉल शिकवायचं खूळ त्यांच्या डोक्यात कुठून शिरलं, देव जाणे. दोन लाकडी खांब रोवले, लोहाराकडून कड्या करून आणल्या, आणि शाळा सुटल्यावर आमच्या वेण्या वर बांधायला लावून आम्हाला त्या काळ्या रानात उभं केलं. मैदानावर मुरूम टाकून मिळावा म्हणून ते वर्षानुवर्षं अर्ज करत राहिले. मुरूम काही आला नाही. मग सरांनी माणसासारखा माणूस करील तेच केलं. जमीन चेंडू परत देत नाही ना? मग चेंडू जमिनीला द्यायचाच नाही! धावता धावता चेंडू आपटत नेणं हा या खेळाचा प्राण. सरांनी तोच काढून टाकला. आमचा चेंडू हातातून हातात जायचा. घेतला की दिला, दिला की धावलं. “जवळ ठेवू नका गं,” सर ओरडायचे, “चेंडू काय माहेरचं लुगडं हाय व्हय? द्या पुढं!” रुखसाना मला द्यायची, मी सुमनला, सुमन कोपऱ्यातून कडीकडे फेकायची. चेंडू कुणाच्या हाती येणार आहे हे चेंडूच्या आधी आम्हाला कळायचं. त्या संध्याकाळच्या सोनेरी धुळीत आम्ही खेळायचो की तरंगायचो, ते आज सांगता यायचं नाही.

आणि याच विद्येनं घात केला. विभागीय स्पर्धेला आम्ही तेव्हाच्या औरंगाबादला गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा सिमेंटच्या मैदानावर पाय ठेवला. रुखसानानं गंमत म्हणून चेंडू खाली आपटला, तो इतक्या जोरात वर आला की तिच्याच हनुवटीवर बसला. आम्ही हसून हसून बेजार! असा आज्ञाधारक चेंडू कुणी पाहिला होता? पण सामना सुरू झाला आणि आम्ही आपलं घरचंच खेळलो. सिमेंट पायाखाली असूनही आमच्यातल्या एकीनंही चेंडू आपटला नाही. कसा आपटणार? हात तयारच नव्हते. सुरुवातीला समोरच्या मुली भांबावल्या, मग त्यांना आमचं बिंग कळलं. या आपटत नाहीत, नुसत्या देतात; मग वाटेत उभं राहिलं की झालं! त्या वाटेत उभ्या राहिल्या आणि आमची दाणादाण उडाली. परतीच्या गाडीत सर खिडकीबाहेर बघत बसले होते. पेडगाव जवळ आलं तेव्हा एवढंच म्हणाले, “तुमचं काई चुकलं न्हाई. मी तुमाला आपल्या मातीपुरतंच शिकवलं.”

हे वाक्य त्यांनी नंतर सोडलंच नाही. आमची लग्नं झाली, मुलं झाली, सर निवृत्त झाले, काकू गेल्या, काचबिंदूनं हळूहळू सरांचे दोन्ही डोळे नेले. पण बास्केटबॉलचा विषय निघाला की ते वाक्य ठरलेलं. कुणी कौतुकाचा शब्द काढला, तर अंगावर पाल पडल्यासारखा झटकून टाकत. माझ्या हातून काय झालं गं? एक पोरगी राज्याला गेली न्हाई. सगळ्यांना सिमेंटवर तोंडघशी पाडलं. मी त्या प्रत्येक वेळी रडकुंडीला येत असे. आमच्या आयुष्यातला सर्वात सुंदर काळ ज्या माणसानं घडवला, त्या माणसाला तो आपला गुन्हा वाटावा, यापरता अन्याय कोणता?

तर ते रविवार. तिकडे अमेरिकेत शनिवारची रात्र चढत असते तेव्हा आमच्याकडे रविवारची सकाळ उजाडत असते. सामना मोबाइलवर थेट दिसतो. मोठ्या गटांगळ्या खात, मध्येच थांबत, पण दिसतो. आम्ही तिघी सरांच्या ओसरीवर जमायला लागलो. सुमन कांबळे चुडाव्याहून पॅसेंजरनं यायची. पूर्णेच्या दवाखान्यात ती परिचारिका आहे, आणि रोग्याला दुखणार असेल तर दुखेल असंच सांगते. रुखसानाचं शिवणकामाचं दुकान. तिच्या जिभेला तिच्या कात्रीइतकीच धार. सरांना दिसत नाही, म्हणून आम्ही तिघींनी आळीपाळीनं सामना सांगायचा. सर डोळे मिटून, हातात ज्वारीचा हुरडा चोळत ऐकायचे. मी सांगायला लागले की रुखसाना वैतागायची. “हिचं पुस्तकी मराठी ऐकून चेंडू झोपी जायलाय, सर. ‘तो विद्युल्लतेसारखा झेपावला’ म्हणे! तो पडलाय तिकडं, अन् ही अजून झेपावायलीय!”

क्रमवारीचं खूळ सरांचंच. खेळाडूंची क्रमवारी सगळं जग लावतं, आपण प्रशिक्षकांची लावू, म्हणाले. आजवरचे सगळे व्यावसायिक प्रशिक्षक घ्या आणि सगळ्यात मोठा कोण ते ठरवा. ओसरीच्या शहाबादी फरशीवर रुखसाना शिवणाच्या खडूनं लिहायची आणि सोमवारी कामाच्या मावशी फरशी पुसून टाकायच्या, त्यामुळे दर रविवारी सगळं पुन्हा पहिल्यापासून. मला तर ही व्यवस्था फार आवडली! मोठेपणाचा निकाल आठवड्याला एकदा पुसला जावा, यात केवढं शहाणपण आहे! ती परदेशी नावं जिभेवर बसेनात, म्हणून आम्ही बारशी केली. मैदानाकाठी डोळे मिटून शांत बसतो तो मौनीबुवा. संघ कितीही पुढे असला तरी कपाळाला आठ्या, ती सासूबाई. कपड्याची घडी न मोडता उभा राहणारा जावईबापू. आणि ज्याच्या मागेपुढे मदतनीसांची फौज फायली घेऊन धावते, तो तहसीलदार.

काय भांडलो म्हणून सांगू! रुखसानाचं मत सरळ: जो जास्त जिंकला तो मोठा, किस्सा खतम. सुमन मान हलवायची. धडधाकट माणूस बरा झाला तर डॉक्टरचं काय कौतुक? ज्यानं मोडका संघ उभा केला त्याला वर घ्या. मला वाटायचं, ज्याच्या संघाचा खेळ पाहताना आपल्याला आपलं वय विसरायला होतं, तोच खरा. मग मी त्यावर बोलायला लागले की दोघी चहा करायला उठायच्या. खरंच, मोठेपण मोजायचं कशानं? शिखरावर रोवलेल्या निशाणांनी, की वाटेत उचलून घेतलेल्या माणसांनी? मला अजूनही याचं उत्तर सापडलेलं नाही, आणि सापडू नये अशी इच्छा आहे.

सरांची मात्र एकच कसोटी होती. शेवटच्या घटका उरल्या, एखाद-दुसऱ्या गुणाचा फरक असला, की प्रशिक्षक सामना थांबवून संघाला जवळ बोलावतो. त्याला टाइमआउट म्हणतात. सर म्हणायचे, “शेवटच्या टाइमआउटला ज्याला तोंड उघडावं लागत न्हाई, तो सगळ्यात मोठा. जे सांगायचं ते आधीच पोरांच्या हाडात उतरलेलं पाहिजे.” झालं! प्रत्येक रविवारी तो क्षण आला की सर मान वर करून विचारायचे, “बोलायलाय का गं?” आणि रुखसाना सांगायची, “हौ सर, हातवारे करू करू बोलायलाय.” सर हुरड्यावर फुंकर मारून म्हणायचे, “मग घ्या त्याला खाली.” सासूबाई खाली गेल्या. तहसीलदार तर पाटीवर रेघा ओढता ओढताच गेला. एका रविवारी मौनीबुवावर आमची फार आशा होती. ऐनवेळी तोही घसा फोडून ओरडला! आम्ही कपाळाला हात लावला. पहिली जागा काही कुणाला मिळेना.

आणि दिवस तर मोजकेच उरले होते. सरांचा मुलगा पुण्याला असतो. सरांना आता एकट्याला ठेवणं बरं नव्हे, हे आम्हालाही कळत होतं. पौषात बिऱ्हाड हलवत नाहीत म्हणून पौष सरेपर्यंत तो थांबला होता, इतकंच. घरातली कपाटं रिकामी होत होती, ओसरीवर पोती येऊन बसली होती, आणि सर शांतपणे सासूबाईंचा हिशेब करत होते. ते एकदा गेले की परत यायचे नाहीत. त्या वाक्यासकट जायचे. आपल्या मातीपुरतंच शिकवलं, या वाक्यासकट. एके रविवारी सर आत पाणी प्यायला गेले असताना मी दोघींच्या कानाशी म्हणाले, शेवटच्या रविवारी पहिल्या जागेवर सरांचं नाव लिहू या.

दोघींनीही मोडता घातला. रुखसाना म्हणाली, यादी व्यावसायिक प्रशिक्षकांची हाय, सरांचा व्यवसाय कवायतीचा होता, बास्केटबॉल त्यांनी शाळा सुटल्यावर वरकड शिकवला, बेइमानी चालायची न्हाई. तिचे डोळे मात्र भरले होते. सुमननं मला समजावून सांगितलं, लहान मुलीला सांगावं तसं. “अगं शैली, लाडानं दिलेलं औषध त्यांना लगेच कळतंय. आपण प्रेमानं लिहू, अन् ते त्याच्याकडं भीक म्हणून बघतील. अजून दुखवून धाडायचंय का त्यांना?” ती म्हणत होती ते खरंच होतं. चाळीस ओळींचं रसग्रहण लिहिणारी मी, आणि माझ्याच गुरूला एक खरं वाक्य ऐकवण्याची युक्ती माझ्यापाशी नव्हती.

पौषातला शेवटचा रविवार उजाडला तो दाट धुक्यातच. सुमनची गाडी उशिरा आली. ओसरीवर आता एक बाज आणि पाण्याचा माठ, एवढंच उरलं होतं. सामना मात्र असा रंगला, की सामानाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. जावईबापूचा संघ एका गुणानं मागे, काही सेकंद उरलेले, आणि जावईबापूनं टाइमआउट घेतला. सरांनी मान वर केली. “बोलायलाय का गं?”

आणि त्याच क्षणी मोबाइलचं नेट गेलं. पडद्यावर एक गोल चक्र फिरत राहिलं. प्रेक्षकांचा तो समुद्रासारखा घोष एकदम बंद झाला आणि ओसरीवर अशी शांतता पसरली, की माठातून ठिबकणारं पाणी ऐकू यावं. सरांना ती शांतता ऐकू गेली नसेल? नक्कीच गेली असेल. आम्ही तिघी एकमेकींकडे बघत राहिलो. सर वाट बघत होते, मान तशीच वर, मिटलेल्या डोळ्यांनी. मला काय सुचलं, कसं सुचलं, कोण जाणे! मी सांगायला सुरुवात केली. संपला सर टाइमआउट, मी म्हणाले. चेंडू रेषेवरून आत आलाय. एकही अलंकार मला आठवत नव्हता. आत आला, डावीकडं दिला, त्यानं घेतला अन् लगेच पुढं दिला. रुखसाना क्षणभर माझ्याकडे टक लावून बघत राहिली. मग तिनं माझ्या तोंडातून सामना काढून घेतला. “हौ, दिला पुढं! आपटला न्हाई सर, दिला! समोरचे वाटेत उभे हायेत, पर तिनं खालून दिलाय बघा, कमरेखालून, धावायलीय आता...” ती बाजेवरून उठली होती. हात पुढे पसरले होते. “आता ह्या शैलीच्या हातात आलाय. अगं, धरून काय बसलीस, कोपऱ्यात सुमन मोकळी हाय, सुमनला दे!”

सुमन भिंतीला टेकून बसली होती. आमच्या नावांचा उच्चार ओसरीवर तसाच तरंगत राहिला. सरांच्या मांडीवरून हुरड्याचे दाणे फरशीवर सांडले होते आणि त्यांचा हात शिट्टी शोधावी तसा गळ्यापाशी गेला होता. फार हळू आवाजात त्यांनी विचारलं, “चेंडू खाली पडला का गं?”

“न्हाई सर,” रुखसाना म्हणाली. “एकदाबी न्हाई.”

“मग सुमन? टाकला का न्हाई?”

मी सुमनकडे पाहिलं. मरणाऱ्या माणसालाही खोटा दिलासा न देणारी ही बाई. ती उठली. तिनं पदर खोचला, दोन्ही हात डोक्याच्या वर नेले, आणि त्या रिकाम्या ओसरीच्या कोपऱ्यातून, धुक्याच्या दिशेनं, काहीच नसलेलं ते काहीतरी फेकलं. मनगट अजून तसंच वळत होतं, सरांनी शिकवलं होतं तसं. आम्ही सगळे जणू ते खाली यायची वाट बघत होतो. “गेला, सर,” सुमन म्हणाली. “आत गेला.”

मग रुखसानानं खडू उचलला आणि फरशीवर वाकली. खडूचा कर्रकर्र आवाज आला. सरांनी तो ऐकला आणि ते चिडून काही म्हणणार, तेवढ्यात ती खाली बघतच म्हणाली, “रागवायचं काम न्हाई, सर. एवढा शेवटचा टाइमआउट झाला, अन् काय करायचं ते सांगायला तुमी तोंड उघडलं न्हाईत. कसोटी तुमचीच हाय.”

सरांनी पंचा डोळ्यांना लावला. मग म्हणाले, “मावशीला सांगा, उद्या फरशी पुसू नको म्हणावं.” तिकडे नेट केव्हा आलं, जावईबापूचं काय झालं, सामना कोणी जिंकला, हे मला आजतागायत माहीत नाही.

सर आता पुण्यात असतात. फोनवर बोलतो आम्ही. ते वाक्य त्यांनी त्यानंतर उच्चारलेलं नाही; सुमनला मात्र दर वेळी विचारतात, मनगट सैल ठेवतीस ना?

पुन्हा पौष आलाय. पहाटे धुकं उतरतं, मी रजईत डोळे मिटून पडलेली असते आणि तो नाद येतो. ठप्प... ठप्प... आणि मग काही क्षण काहीच नाही. पण आता ते अंतर लांबलं तरी छातीत चर्र होत नाही. खेळणारं घरी गेलं असेल, असं मी आता मनाला सांगत नाही. मी पडून राहते आणि वाट बघते. चेंडू कुणाच्या तरी हातात असेल. तो पुढं दिला जात असेल.